पातेगळ आणि गोळीवाल्या मॅडम

दिग्रसच्या शिक्षक कॉलनीत सुचित्राला नावानं कुणी हाक मारत नसे. ज्युनियर कॉलेजात ती जीवशास्त्राच्या मॅडम, घरात सूनबाई, आणि भाद्रपद तोंडावर आला की अख्ख्या गल्लीची 'गोळीवाल्या मॅडम'. हा किताब तिनं स्वतःच्या हुशारीनं कमावला होता. आता हुशारी म्हणजे काय, तर जिथं आपलं नाक खुपसायची काही गरज नाही तिथं ते पदवीसकट खुपसणं. ही व्याख्या तिचीच, पण ती पुढची, डोळे उघडल्यानंतरची. तेव्हा मात्र तिला आपल्या नाकाचा भारी अभिमान होता.

महालक्ष्म्या म्हणजे आमच्याकडे खेळ नाही, बाप्पा! ज्येष्ठा-कनिष्ठा दोघी तीन दिवसांसाठी घरी येतात. त्यांच्यासमोर त्यांची बाळं मांडायची, दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, पुरण, कढी, आंबील असं सगळं रांधायचं, आणि तेही सोवळ्यात. नेमका त्याच दिवशी सुनेला कावळा शिवला की सासूचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. म्हणून बायका पाळी पुढे ढकलायची गोळी घेत. आधी चोरून, अंदाजानं घ्यायच्या. सुचित्रानं त्यात शास्त्र आणलं. पोळा जवळ आला की बायका तिच्या ओसरीवर आपापल्या तारखा घेऊन येत. ती बोटांवर दिवस मोजून सांगे, "सोमवारपासून सुरू करा, दिवसातून तीनदा. लक्ष्म्या उठल्या की बंद. मग दोन-तीन दिवसांत येईल." आणि मेडिकलमधून सगळ्यांच्या पट्ट्या एकदमच आणवी. डॉक्टरची चिठ्ठी? ती कोण मागतंय! एम.एस्सी. झूलॉजी, विद्यापीठात दुसरी. मागच्या घरात राहणारी नर्स भुरीबाई तेवढी दरवर्षी म्हणायची, "मॅडम, डॉक्टरले विचारून देत जा." त्यावर सुचित्रा नुसतं हसायची, दुसरी आलेली माणसं हसतात तसं.

एक नियम मात्र तिनं कधी मोडला नाही. गोळी देण्याआधी प्रत्येकीला ती तोंडावर विचारायची, "दिवस गेले असतील असं वाटते काय? शंका असेल तर गोळी नाही." नवी नवरी निकिता लाजून पदरात शिरली, तरी उत्तर घेतल्याशिवाय तिला सोडलं नाही. लोकांकडे स्वयंपाकाला जाणाऱ्या शकुबाईलाही विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, माया नवऱ्याले जाऊन तीन सालं झाली. तुमी विचारता त मंग त्यालेच विचारा." गल्ली हसून हसून लोळली. पण नियम म्हणजे नियम. सगळ्यांना विचारलं, एकीला सोडून. ती एक कोण, हे सांगायला ज्योतिषी नको.

वर्गात हाच विषय ती असा रंगवायची की मागच्या बाकावरची पोरंही वह्या उघडत. "बीज बाहेर पडलं की मागे पिवळा पिंड राहतो, तो प्रोजेस्टेरॉन तयार करतो. प्रोजेस्टेरॉन म्हणजे कोतवाल. रक्तातून अंगभर दवंडी पिटत फिरतो: 'अस्तर धरून ठेवा हो! पाहुणा येऊन राह्यला!' आता ही दवंडी डोळ्यापाशी वाजते, गुडघ्यापाशी वाजते. पण गुडघा ऐकतो का? नाही. कारण त्याला तो कान नाही. गर्भाशयाला कान आहे. त्या कानाला म्हणायचं रिसेप्टर, ग्राही. दवंडी कितीही मोठी असो, ज्याला कान त्यालाच ऐकू येतं. आणि दवंडी थांबली, की अस्तर सुटतं, पाळी येते." मग खडू टेबलावर ठेवून ती वर्गाकडे बघायची. आपण हे किती छान सांगतो, असं तिला दरवर्षी नव्यानं वाटायचं.

ते साल दोन हजार सहाचं. कापसाचं वाईट साल, तशी त्या काळात चांगली सालं कोणती होती म्हणा. गावात टीव्हीवाल्यांच्या गाड्या यायच्या, पांढऱ्या जीपांतून साहेब उतरायचे, फॉर्म घेतलेली पोरं घरोघरी माणसं विचारत फिरायची. सुचित्राचे सासरे वामनराव गावालगतची आपली पराटी, म्हणजे कपाशी, स्वतः बघायचे. एक फॉर्मवाला त्यांच्याकडेही आला. घरात किती माणसं? सासू, सासरे, नवरा, मी. मुलं? "शून्य," सुचित्रा म्हणाली, वर्गात एखाद्या नापासाचे मार्क वाचावेत तशा खणखणीत आवाजात. आत आल्यावर तिनं भांड्यांचा इतका आवाज केला की नीळकंठनं, म्हणजे नवऱ्यानं, न विचारताच चहा मांडला. तहसील कचेरीतला हा भला माणूस. कुठल्याही दुःखावर त्याच्याकडे एकच औषध होतं, आलं टाकून.

दोनदा राहिलं होतं आणि दोन्हीदा सातव्या आठवड्यात गेलं होतं. त्यानंतर तीन वर्षं काहीच नाही. सुचित्रानं मग मनातल्या मनात स्वतःचं नाव हजेरीपटावरून खोडून टाकलं होतं. सगळ्या गल्लीला विचारायचा प्रश्न तिनं स्वतःला विचारला नाही, तो याच कारणानं. विसरली नव्हती. विचारायची हिंमतच नव्हती, आणि हिंमत नसली की शिकलेलं माणूस त्याला 'शक्यताच नाही' म्हणतं.

तिची तारीख बरोब्बर लक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी येत होती. तिनं आपली गोळी सुरू केली. लक्ष्म्या आल्या, जेवल्या, उठल्या. गोळ्या बंद झाल्या आणि तिसऱ्या दिवशी शिक्षक कॉलनीत एक अजब देखावा दिसू लागला. सगळ्या बायकांनी गोळी एकाच दिवशी बंद केलेली, तेव्हा सगळ्या एकदमच बाहेर बसल्या. घराघरांतून गणिताचे, इंग्रजीचे, भूगोलाचे सर पोळ्या लाटत होते. भूगोलाच्या सरांच्या पोळ्यांत तर सगळे खंड ओळखू येत होते. अख्ख्या गल्लीत चुलीपाशी एकच बाई उभी होती, गोळीवाल्या मॅडम.

"तुले नाही आली काय व?" सासूबाई विमलताईंनी चौथ्या दिवशी विचारलं.

"येईल, आई. एखादीला उशीर होतो. शरीर म्हणजे यंत्र नाही."

सहाव्या दिवशी तिनं सांगितलं की जागरणानं पुढे जाते. आठव्या दिवशी सांगितलं की पितृपक्षात कामाचा ताण असतो. दहाव्या दिवशी काय सांगितलं ते तिलाही आठवत नाही, पण त्यात मेंदूतल्या दोन ग्रंथींची नावं होती. विमलताई "हो व, असन" म्हणायच्या. पण परसातली पिकलेली पपई एका सकाळी उठून शेजारी गेली, आणि पाण्याचा हंडा उचलायला गेलं की तो आधीच कुणीतरी आत नेऊन ठेवलेला असायचा. हे सगळं सुचित्राला दिसत होतं. दिसलेल्या गोष्टीला अर्थ असतो, हे फक्त प्रयोगशाळेत, असं तिनं धरून ठेवलेलं.

शेवटी भुरीबाईच परसदारानं आली. ड्युटीवरून आलेली, पांढऱ्या साडीवर अजून दवाखान्याचा वास. तिनं पिशवीतून तपासणीची पट्टी काढून सुचित्राच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, तुमी साऱ्याईले विचारता, दिवस गेले काय म्हून. तुमाले कोनं विचारलं?"

सुचित्रा काहीतरी बोलायला गेली. भुरीबाईनं हातानंच थांबवलं. "भाषण मंग द्या. आधी जाऊन या."

दोन रेघा आल्या. एक नाही, दोन. सुचित्रा न्हाणीघराच्या दगडावर बसली आणि बारावीचा धडा तिला आयुष्यात पहिल्यांदा समजला. गोळी बंद झाली तरी दवंडी थांबली नव्हती. आतून दुसरंच कुणीतरी ती पिटत होतं, पंधरा दिवसांपासून, जीव तोडून. आणि आपण, दिग्रसमधला सगळ्यात शिकलेला कान, चुलीपाशी उभं राहून म्हणत होतो की शरीर म्हणजे यंत्र नाही! तिला हसू आलं आणि ते हसू अर्ध्यातच मेलं. कारण पुढचा विचार होता गोळ्यांचा. तो पाहुणा आत होता तेव्हा आपण दिवसातून तीनदा, घड्याळ लावून, त्याच्यावर गोळ्या टाकत होतो. आपल्याच हातानं.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "किती जणींना देता?"

"अठरा-वीस."

"चिठ्ठी न घेता? तुम्ही प्राणिशास्त्र शिकवता की दवाखाना चालवता?" मग आवाज जरा खाली आला. "गोळ्या घ्यायला नको होत्या. पण थोडे दिवस, आणि इतक्या सुरुवातीला घेतल्यात, त्यानं काही होण्याचा धोका फार कमी. तेच उगाळत बसू नका. मला काळजी आहे ती आधीच्या दोनची. आधाराला प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं देते. काहींना उपयोग होतो, काहींना नाही. हमी देत नाही."

म्हणजे ज्या कोतवालावर सुचित्रानं दहा वर्षं टाळ्या घेतल्या, तोच आता तेलात विरघळून आठवड्यातून दोनदा कमरेच्या खाली टोचला जाऊ लागला. टोचणारी भुरीबाई. जाड सुई, घट्ट औषध. मॅडम पालथ्या पडलेल्या, तोंड उशीत. भुरीबाईनं मुद्दाम विचारलं, "मॅडम, हे आत जाऊन काय करते जी?"

उशीतून उत्तर आलं, "मले काय मालूम!" दहा वर्षांत या विषयावर इतकं खरं वाक्य सुचित्रा बोलली नव्हती.

त्या आठवड्यात वामनराव शेतातून आले ते दुपट्ट्यात काहीतरी बांधून. ओसरीवर बसून त्यांनी गाठ सोडली. आत पराटीची गळलेली पाती होती, फुलं व्हायच्या आधीच झडलेल्या हिरव्या कळ्या, पसाभर. श्रावणात पाऊस हटला नव्हता, रानात पाणी साचलं होतं आणि झाडांनी पाती टाकायला सुरुवात केली होती. सुनेशी हा माणूस आजवर चहा, पंखा आणि मोटरची किल्ली याशिवाय काही बोलला नव्हता. आधीच्या दोन्ही वेळी ते दोन-दोन दिवस शेतातच थांबले होते. सुचित्राला वाटायचं त्यांना राग आला असेल.

"सूनबाई," ते पात्यांकडे बघतच म्हणाले, "एक पुसू काय?"

"पुसा न, बाबा."

"पातेगळ लागली का आमी औषध फवारतो. कधी थांबते, कधी नाही थांबत. औषध तेच, झाड बी तेच. असं काहून होते, म्या लय जनाईले पुसलं, कोनी सांगत नाही. तुमच्या त्या सुईचं बी असंच हाय काय?"

सुचित्राकडे उत्तर होतं. दवंडी, कान, ग्राही, सगळं जिभेच्या टोकाशी आलं. तिनं ते गिळलं. "हो बाबा. असंच आहे. मलाही नाही माहीत काहून."

वामनरावांनी मान हलवली. "झाडाचा कसूर नसते, एवढं मले मालूम हाय," ते म्हणाले, आणि दुपट्टा झटकून पाय धुवायला गेले. सुचित्रा ती पाती वेचत बसली आणि रडली. इतक्या वर्षांत हे वाक्य तिला कुणी म्हटलं नव्हतं, तिनं स्वतःलाही नाही.

सातवा आठवडा सर्वपित्री अमावास्येला लागला. दुपारी वडे तळता तळता तिला जाणवलं. डाग होता. बोटभर, तपकिरी, पण होता. तिनं गॅस बंद केला, भिंतीला धरून उभी राहिली आणि हाक मारली ती नीळकंठला नाही, विमलताईंना. दुसऱ्या दिवशी घट बसायचे. विमलताईंनी घटाची माती तशीच ठेवली, "देव थांबते" म्हणाल्या, आणि पहाटेच्या पहिल्या एसटीला सुनेबरोबर चढल्या.

एसटी दारव्ह्याच्या रस्त्यानं निघाली. त्या रस्त्यावर खड्ड्यांत मधूनमधून डांबर होतं. प्रत्येक खड्ड्याला सुचित्रा पोटाशी हात घट्ट धरायची. नीळकंठ मागच्या सीटवर थर्मास घेऊन बसला होता, आल्याचा चहा भरून. दारव्हा मागे पडलं तेव्हा तिचा बांध फुटला. "मीच केलं, आई. त्या लक्ष्म्यांसाठी गोळ्या घेतल्या. तुमच्या सोवळ्यात खोट नको म्हणून."

"कोन म्हणलं होतं तुले?" विमलताई म्हणाल्या.

"म्हणजे?"

विमलताईंनी मागे वळून बघितलं. नीळकंठ थर्मास छातीशी धरून घोरत होता. त्या सुनेच्या कानाशी वाकल्या. "हा व्हायच्या आदल्या सालची गोष्ट. लक्ष्म्याच्या जेवनाच्या दिवशी पहाटेच मले झालं. सासू म्हंजे वाघीण, पन्नास पानं जेवाले. काय करतो माणूस? सांगितलंच नाही कोनाले. सोळा भाज्या म्याच रांधल्या, पुरन म्याच वाटलं, हळदकुंकू बी म्याच लावलं. दिवसभर वाट पाहून राह्यली, आता वीज पडन, मंग पडन. काही नाही पडली. पुढच्या लक्ष्म्याले नीळकंठ मांडीवर होता."

"आई! मग मला का नाही सांगितलं?"

"तू विचारलं काय? तू त एवढी शिकेल. साऱ्या गल्लीले गोळ्या वाटे. मी म्हणो, माय व, या पोरीले सोवळ्याची लयच हौस हाय! आता सून म्हणते त करावं लागते." आणि घाईनं त्यांनी पुस्ती जोडली, "हे तुया सासऱ्याले सांगू नको."

सुचित्रा हसायला लागली. रडत होती आणि हसत होती. कंडक्टरनं तिकिटाची पेटी सावरून विचारलं, "काय झालं जी?" कुणाला सांगणार? गल्लीतल्या अठरा-वीस बायका, त्यांचे पोळ्या लाटणारे नवरे, विद्यापीठात दुसरी आलेली एम.एस्सी., आणि हा सगळा खटाटोप कुणासाठी, तर एका अशा सासूसाठी, जिनं तो नियम चौतीस वर्षांपूर्वीच मोडून पचवला होता. गावातलं सगळ्यात कडक सोवळं कोण पाळत होतं? विज्ञान शिकवणारी.

दवाखान्यात तिला टेबलावर झोपवलं. पोटावर थंडगार जेल, खोलीत अंधार, डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत गप्प. ही शांतता सुचित्रानं आधी दोनदा अनुभवली होती. दोन्हीदा शांततेनंतर "सॉरी" आलं होतं. तिनं डोळे मिटून घेतले. सासूबाईंनी तिचा पाय घट्ट धरून ठेवला होता.

"डोळे उघडा, मॅडम. बघा."

पडदा वळवला होता. करड्या पावसात काळा ठिपका, त्यात तांदळाएवढं काहीतरी. सुचित्रा बघतच राहिली. तिला काही कळेना. "कुठं?"

"हे काय. लुकलुकतंय ते. ठोके आहेत."

"नक्की?"

"अहो, तुम्ही तर हे शिकवता!"

"मी नुसती शिकवते," सुचित्रा म्हणाली. मग तिला ते दिसलं. तांदळाच्या मधोमध काहीतरी उघडत होतं, मिटत होतं, भराभर, कुणाची परवानगी न घेता. विमलताईंनी पडद्याला लांबूनच हात जोडले आणि त्याच हातानं नाक पुसलं.

संध्याकाळी दिग्रसच्या स्टँडवर एसटी लागली तेव्हा वामनराव खांबाला टेकून उभे होते. सकाळपासूनच उभे असावेत, कारण पायाशी संत्र्याच्या सालांचा ढीग होता. सून खाली उतरली. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही, चपलांकडे बघत विचारलं, "गळ?"

"थांबली, बाबा."

ते "बरं" म्हणाले. पिशवी घ्यायला पुढे आले, ती पिशवी सोडून त्यांनी भलत्याच माणसाची उचलली, आणि ती परत करायला नीळकंठला अर्धं स्टँड पळावं लागलं.

त्या सालची पराटी काही सावरली नाही. आभा मात्र मे महिन्यात झाली, अडीच किलो, रडायला तरबेज. पुढच्या भाद्रपदात बायका सवयीनं ओसरीवर आल्या, तेव्हा सुचित्रानं सगळ्यांना डॉक्टरचा पत्ता दिला. निकितानं विचारलं, "मॅडम, मंग तुमी यंदा काय कराल?" सुचित्रा म्हणाली, अंगावर पाजतेय, माझी काही यायची नाही, आणि आली तरी आईंना विचारीन. विमलताई आतून इतक्या जोरात खोकल्या की निकिता पाणी आणायला धावली.

जेवणाच्या दिवशी लक्ष्म्या सजल्या. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळं सोवळ्यात. विमलताईंनी आभाला न्हाऊ घालून, काजळ लावून, देवीसमोर मांडलेल्या दोन मातीच्या बाळांशेजारी नव्या कोऱ्या पाटावर ठेवलं. वामनराव एका हातात आरतीचं ताट, दुसऱ्या हातात घंटा धरून उभे. घंटा वाजली, आणि आभानं देवीच्या तोंडासमोर, कोऱ्या पाटावर, धो धो शू केली. ओघळ थेट तांदळाच्या राशीपर्यंत गेला. घंटा थांबली. पन्नास पानांच्या पंगतीला आलेल्या बायका माना उंचावून बघू लागल्या. सुचित्रा पोरीला उचलायला धावली, तर विमलताईंनी तिचा हात धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "चालते. देवीले सारंच चालते." आणि सुनेकडे अशा बघितल्या की दोघींनाही दारव्ह्याच्या रस्त्यावरचे सगळे खड्डे आठवले. "वाजवा घंटा," विमलताईंनी नवऱ्याला सांगितलं, आणि सुचित्रा कोरडं दुपटं आणायला आत गेली.